गच्चीवरचं फॉरेन

आमच्या सरांनी आपल्या घराच्या गच्चीवर परदेश बांधला होता. एक खाट, एक टेबल आणि एक स्टोव्ह मावेल एवढी टिनाच्या छपराची खोली, आणि तिच्या दारावर तेलरंगानं त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं 'फॉरेन'. त्या दाराशी आधी टकटक करायची, मग थांबायचं, आतून 'कम इन' आलं की पायपुसण्याला पाय पुसून आत जायचं. सर स्वतःसुद्धा आपल्याच खोलीचं दार ठोकत. आत कुणी नसेल तर जरा वेळ थांबून निमूटपणे खाली उतरत.

यवतमाळात तेव्हा कुणाच्या मुलाची चौकशी केली तर "सध्या सरांच्या फॉरेनमध्ये आहे, पुढच्या महिन्यात खऱ्या फॉरेनला जाईल," असं उत्तर मिळायचं. जिल्ह्यातून बाहेरच्या देशात शिकायला जाणारी मुलं होतीच किती! पण जी होती ती निघण्याआधी काही दिवस या खोलीत राहून जात. सर त्यांना तिथल्या राहणीची सवय लावत. एकच अट असायची. शिक्षण पुरं केल्याशिवाय परत यायचं नाही. "मध्येच परत आलेला एक माणूस या घरात आहे, तेवढा पुरे आहे," असं ते म्हणत.

तो माणूस म्हणजे ते स्वतः. तरुणपणी सर भूगोल शिकायला इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका गिरण्यांच्या गावी गेले होते. पानगळीत गेले आणि थंडी संपायच्या आत परत आले. मग जन्मभर यवतमाळच्या एका शाळेत भूगोल शिकवला. लग्नाकार्यात कुणी हौसेनं "हे आपले फॉरेन रिटर्न" अशी ओळख करून दिली, की सर हात जोडून दुरुस्ती करायचे, "रिटर्न नाही हो. फरार." शाळेतल्या जगाच्या नकाशावर त्या गावाच्या जागचा रंग पार उडालेला होता. वर्षानुवर्षं तिथं बोट ठेवून ते वर्गाला सांगत, "इथून मी पळालो. का पळालो ते पुढच्या तासाला." पुढच्या तासाला मोसमी वारे निघायचे.

मी राळेगावची. बाबांची कापूस आणि तुरीची शेती. मातीचा अभ्यास करायला मला हॉलंडमधल्या एका विद्यापीठात जागा मिळाली आणि कुणीतरी बाबांना या सरांचं नाव सांगितलं. मे महिन्यातल्या एका भर दुपारी आम्ही बापलेक एसटीतून उतरून घामाघूम होऊन त्यांच्याकडे पोचलो. सरांनी आम्हाला थेट गच्चीवर नेलं, खुर्च्या दिल्या आणि विचारलं,

"चहा घेणार?"

"नको सर," मी म्हणाले.

"राहू द्या," बाबा म्हणाले.

"बरं," सर म्हणाले. त्यांनी स्टोव्ह पेटवला, एक कप चहा केला आणि आमच्यासमोर बसून चवीचवीनं पिऊन टाकला. बाबा नुसते बघत राहिले. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांचा संताप उतू गेला.

"कसा माणूस हाये हा! चहा इचारला अन् स्वतःच पेला!"

"बाबा, तुम्हीच राहू द्या म्हणाले ना."

"पहिल्यानं नको म्हणाच लागते ना! माणसानं पुन्हा इचारलं पाह्यजे का नाई?"

सरांचा पहिला धडा हाच होता, आणि बाबा त्यात माझ्याआधी नापास झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन राहायला गेले तेव्हा सरांनी आपल्या फरारीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट ते सगळ्यांना सांगत, आणि ऐकणारा हसून हसून लोळायचा. त्या गावात ते एका विधवा बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत. पहिल्या संध्याकाळी बाईंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, जेवणार का. सर म्हणाले, नको. आता बाई पुन्हा विचारतील, मग आपण थोडे आढेवेढे घेऊ, मग त्या हाताला धरून बसवतील, अशी वाट बघत ते जिन्यातच उभे राहिले. बाई 'ठीक आहे' म्हणून आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काही दिवसांनी त्यांनी विचारणंही बंद केलं. सर खोलीत बसून पाव खात आणि खालून येणाऱ्या रश्श्याच्या वासावर रडत. "यवतमाळचा माणूस थंडीनं मरत नाही," ते म्हणायचे, "आग्रहावाचून मरतो."

म्हणून त्या खोलीत सर कुठलीही गोष्ट एकदाच विचारत. चहा एकदा, जेवण एकदा, पंखा लावू का एकदा. यवतमाळच्या उन्हाळ्यात तापलेल्या टिनाखाली मी पहिल्या दिवशी सवयीनं पंख्यालाही 'नको' म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत भाजून निघाले. वर अंगात कोट. थंडी काही गच्चीवर आणता येत नाही, पण थंडीचं ओझं आणता येतं, असं सरांचं म्हणणं. त्यांचा त्या काळचा जाडजूड ओव्हरकोट डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट माझ्या खांद्यावर चढवून ते मला बाजारात भाजी आणायला पाठवत. लोक हसत नसत. "सरची पोरगी हाये," म्हणून भाजीवाली उलट पेलाभर पाणी पुढं करायची.

सगळ्यात अवघड धडा संध्याकाळी सहाचा. सहा वाजता एकटीनं, भिंतीकडे तोंड करून, आपण शिजवलेलं जेवायचं. कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडे न सांगता जायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच खालून काकूंच्या भाकरीचा वास यायचा.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सरांनी गच्चीवर इंग्रजांचं राज्य केलं असलं तरी खालचा मुलूख काकूंचा होता आणि तिथं 'नको' या शब्दाला काही अर्थ नव्हता. पाहुण्यानं पुरे म्हणून ताटावर आडवा हात धरला, तर काकू त्या हातावरच वरण ओतायच्या. हात काढला की ओघळ आपोआप भातात. जावई, तलाठी, मुलगी बघायला आलेली मंडळी, कुणाचीही त्यातून सुटका नव्हती.

"अवं पोरी, उपाशी मरशीन," त्या जिन्याखालून ओरडायच्या. "त्याइचं काय आइकतं? त्याइचं आइकून कोनाचं भलं झालं?" आणि पदराखाली झाकून वाटी वर यायची. सर जिन्याच्या मधल्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेले असत. "कस्टम," असं म्हणून ते वाटी अडवत, झाकण काढून तपासत, आणि तपासता तपासता ठेचा स्वतःच संपवत. काकू पुढच्या वेळी दोन वाट्या आणायच्या. एक पकडून देण्यासाठी, एक माझ्यासाठी.

सरांच्या या शिक्षणाचा पराभव मी एकदाच पाहिला. समोरच्या गल्लीतला गॅरेजवाला भाई, गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात ज्याचा हात कुणी धरू शकणार नाही असा, आखातात नोकरीला निघाला होता. सरांनी त्यालाही आवर्जून बोलावलं.

"एकट्यानं जेवायची सवय कर," सर म्हणाले.

"एकटं कैसे जेवणार सर?" तो म्हणाला. "उधर तो एका खोलीत आम्ही इतके लोक राहू की झोपाची पण पाळी लावा लागते. एकटं जेवाले भेटलं तर मी उलट खुशी मनवीन."

सरांनी उठून त्याच्यासाठी दार उघडलं. मग म्हणाले, "तुला ट्रेनिंगची गरज नाही." काकूंनी त्याला खाली बसवून पोटभर जेवू घातलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, नव्या बियाण्यावरून गावोगावी वादावादी, आणि जिल्ह्यात कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ. आमच्या पारावर बसलेल्या धडधाकट म्हाताऱ्यांनासुद्धा कुणीतरी येऊन हळू आवाजात, दुःखात आहात ना, असं विचारून जायचं. राळेगावातून चांगली बातमी म्हणून बाहेर जाणारी मीच एक आहे, असं बाबांनी मनाशी धरलं होतं. बोलून काही दाखवत नसत, पण मला बसमध्ये बसवून देताना कंडक्टरलाही सांगायचे, "हॉलंडले चालली." मध्येच परत आले असते तर मला काय वाटलं असतं ते मी सोसलं असतं. पण बाबांनी त्या कंडक्टरला काय सांगितलं असतं?

निघायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "तिथं तुला यवतमाळचं विचारतील. पेपरात वाचलेलं असतं त्यांनी. चेहरा पाडून विचारतील. खोटं बोलू नकोस, पण आधी आपलं काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"ते तिथं गेल्यावर सुचेल," असं म्हणून त्यांनी तो ओव्हरकोट माझ्या पेटीत कोंबला.

हॉलंडमध्ये सायकल मला सोपी गेली. राळेगावात शाळेला सायकलनंच गेलेली मी, वाऱ्यापावसात पण पडले नाही. कोटाचं ओझं जाणवलंच नाही, त्याबद्दल मनोमन सरांना हात जोडले. भाषाही हळूहळू कानावरून आत जायला लागली. दुपारी सगळे थंड पावावर चीज ठेवून खायचे, तेही जमलं. जमलं नाही ते सहा वाजताचं.

आम्ही काही विद्यार्थी एका घरात राहत होतो. ज्याची त्याची खोली, स्वयंपाकघर एकच. बरोबर सहाला तिथं भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि मी माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खिचडी खायची. सरांनी सांगितलं तसंच वर्गात झालं. यवतमाळ म्हटलं की प्राध्यापकांचा चेहरा पडायचा, शेजारची मुलं माझ्याकडे हळुवारपणे बघायची, जणू मी कुणाच्या तरी मयतीहून थेट वर्गात आले आहे. तिथं गेल्यावर सुचेल म्हणाले होते सर, पण मला काहीच सुचत नव्हतं.

अशात बाबांचा फोन आला. "आज सीतादही केलं," म्हणाले. आमच्याकडे कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात. दगड मांडून त्यांची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग घरच्या बाईनं पहिला कापूस वेचायचा. दरवर्षी आई नि मी मिळून वेचायचो. "औंदा तुई आई एकटीच होती," बाबा म्हणाले. "बाजारभावाचं नको इचारू. पण कापूस पांढराशुभ्र हाये, पोरी."

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेले. टेबलाभोवती सगळे जेवायला बसलेले होते. शेजारच्या खोलीतली उंच मुलगी म्हणाली, "आमच्याबरोबर जेवतेस?" आणि मे महिन्यातल्या त्या सगळ्या शिक्षणावर पाणी पडलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "नको, नको." ती हसून 'बरं' म्हणाली आणि ताटाकडे वळली. मी पेला हातात धरून उगाच घुटमळले. कुणी पुन्हा विचारलं नाही. खोलीत येऊन मी ठरवलं, बस झालं, दिवाळीला घरी जायचं आणि परत यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनकार्ड घेऊन सरांना फोन लावला. अर्धवट परत आले तर ते घरात घेणार नाहीत हे माहीत होतं. तरी आधी त्यांनाच सांगावंसं वाटलं.

"सर, मी परत येतेय."

त्यांनी कारण विचारलं नाही. "जेवलीस का?" म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. उंच मुलगी, तिचं विचारणं, माझं नको.

सर रागावतील असं वाटलं होतं. मागे काकूंच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ते बोलले ते गच्चीवरच्या मराठीत नाही, खालच्या.

"पोरी, तुले मी अर्धंच शिकवलं. मलेच अर्धं समजलं होतं. थ्या बाईनं मले इचारलं अन् मी नको म्हटलं, हे मी अख्ख्या यवतमाळले सांगत फिरलो. पन मी तिले कधी इचारलं का? एकदाही नाई. थे खाली एकटीच जेवे, अन् मी वरतं एकटा. मले वाटे, मी पाव्हणा, मले तिनं मनवावं. तिलेही कोनी इचारनारं नव्हतं, हे मले घरी आल्यावर समजलं. मंग काय उपेग?" ते थांबले. "तू त्याइले इचार. आजच इचार."

"मी काय विचारू सर? मला काय करता येतं?"

तिकडे फोनची हिसकाहिसकी झाली आणि काकूंचा आवाज आला. "दहीभात येते का नाई? मंग झालं तं! अन् एकदा इचारून सोडू नको. खाल्ल्याबिगर उठूच देऊ नको कोनाले!"

मागून सर ओरडत होते, "एकदाच! एकदाच इचारायचं!"

"तुमी चूप बसा!"

त्या दोघांच्या भांडणात माझं कार्ड संपलं. मी फोनपाशी उभी राहून हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

संध्याकाळी मी दहीभाताला जिरं-मिरचीची फोडणी दिली आणि एकेकाचं दार ठोकलं. एकदाच विचारलं. उंच मुलगी तत्काळ 'हो' म्हणाली, इतक्या पटकन की मलाच दचकायला झालं. सगळे आले. मी त्यांना सीतादही सांगितलं, आईनं वेचलेला पहिला कापूस सांगितला. एकानं विचारलं, मग तुमच्याकडे कापूस दह्याबरोबर खातात का? उंच मुलगी उठली, खिडकीतल्या कुंडीतले चार गोटे धुऊन आणले आणि टेबलाच्या मधोमध मांडले. त्यांच्यापुढे मी पहिला घास ठेवला. पुढं वर्गात कुणी यवतमाळचं विचारलं की मी आधी ते गोटे सांगायची, आणि मग बाकीचं, जे खरंच होतं तेही.

मी शिक्षण पुरं करून आले. सरांनी मला घरात घेतलं, आणि काकूंनी माझ्याही हातावर वरण ओतलं.

मग माझी नोकरी लांबची, येणंजाणं तुटक. काकू गेल्या तेव्हा मला येता आलं नाही. पुढे राळेगावला आले तेव्हा आईकडून वरणभाताचा डबा भरून घेतला आणि यवतमाळ गाठलं. गल्लीच्या तोंडाशी तो गॅरेजवाला भाई भेटला. आखातातून कधीचा परत आलेला, दाढी पिकलेली.

"सरले समजवा," तो म्हणाला. "जेवतच नाई बरोबर. आम्ही सगळे इचारतो. एकदा इचारलं की नको म्हणतात. दुसऱ्यांदा इचाराची हिंमत कोनाची? सारी गल्ली त्याइनंच शिकवलेली."

खालच्या घराला कुलूप होतं. सर गच्चीवरच्या खोलीत राहायला गेले होते. मी दार ठोकलं, थांबले. 'कम इन' आलं. कोटाच्या बाह्यांत असावेत तसे त्यांचे हात सदऱ्यात हरवले होते. मी विचारलं, वर का राहता?

"खाली तिचा आवाज येत नाही ते फार ऐकू येतं," ते म्हणाले. "इथं पहिल्यापासूनच शांत."

टेबल भिंतीला लावलेलं होतं, तसंच. मी डबा उघडून वाफ जाऊ दिली आणि विचारलं, "सर, जेवता?"

"नको."

मी त्यांचीच विद्यार्थिनी. झाकण उचललं आणि डब्यावर ठेवायला लागले. सर माझ्याकडे बघत नव्हते, झाकणाकडे बघत होते.

"अवं," ते हळूच म्हणाले, "पुन्हा इचार ना."

मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा नको म्हणाले, पण आता त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. त्यांचा हात धरला आणि भिंतीकडची खुर्ची फिरवून माझ्यासमोर बसवलं.

"बरं, वाढ. थोडंच," ते म्हणाले, आणि मी भात वाढताच त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

मी त्या हातावरच वरण ओतलं.